रुसीचा हंगाम 200 डॉलरसाठी गेला नाही

महोदय,

खेळाडूंच्या कमाईवरील आपल्या मालिकेत अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉलला एक पूर्ण भाग मिळाला, याचा मनापासून आनंद झाला. मराठीत या खेळाच्या इतिहासावर फार कमी लिहिले जाते. मात्र न्यूयॉर्क जायंट्स या संघाचा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा, ॲमॉस रुसी याच्यावर त्या लेखात एकच वाक्य आहे: 200 डॉलरच्या दंडावरून रुसून तो 1896 चा अख्खा हंगाम घरी बसला. वाक्य खोटे नाही. दंड तेवढाच होता आणि हंगामही गेला. पण एवढेच छापले की एका हट्टी तरुणाची गोष्ट उरते, आणि ज्या हिशेबामुळे तो बसला तो हिशेब वाचकाला दिसत नाही. तो मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. शक्यतो त्यात काटछाट करू नये, कारण यातले आकडे एकमेकांना धरून आहेत.

आधी दंडाचे बघू. 1895 च्या जानेवारीत अँड्र्यू फ्रीडमनने जायंट्स विकत घेतला. हा टॅमनी हॉल या न्यूयॉर्कवर पकड असलेल्या राजकीय संघटनेत मुरलेला, जमीनजुमल्याच्या व्यवहारात पैसा कमावलेला माणूस. पहिल्याच हंगामात त्याने तीन मॅनेजर वापरले, आणि 1894 मध्ये हंगामाअखेरचा टेंपल कप हा करंडक जिंकलेला संघ बारा संघांत नववा आला. हंगाम संपता संपता रुसीवर 100-100 डॉलरचे दोन दंड बसले. एक रात्री ठरलेल्या वेळेत न परतल्याबद्दल, दुसरा शेवटच्या सामन्यात जीव ओतून खेळला नाही म्हणून. पैसे पगारातून परस्पर कापले गेले. 1896 साठी जो करार आला त्यात 2,400 डॉलरचा आकडा होता, आणि कापलेले 200 परत करायची तयारी नव्हती. रुसीने सही केली नाही.

2,400 मधले 200 म्हणजे बारावा हिस्सा, त्यात एवढे काय, असे वाटू शकते. पण पगार वर्षाचा नसे, हंगामाचा असे. एप्रिलच्या मध्यापासून साधारण सहा महिने. महिन्याला 400 धरले तर दंडात अर्ध्या महिन्याचा पगार गेला. कामाच्या मापाने बघितले तर चित्र आणखी स्पष्ट होते. 1895 मध्ये रुसीने 393 इनिंग पिचिंग केले. बेसबॉलच्या पूर्ण सामन्यात अशा नऊ इनिंग असतात. 2,400 ला 393 ने भागा, इनिंगला सहा डॉलर आणि वर थोडे पडतात. म्हणजे एका सामन्यात कमी पडला म्हणून जे 100 डॉलर कापले, ती त्याच्या 16 इनिंगची, जवळजवळ दोन पूर्ण सामन्यांची मजुरी होती. ‘जीव ओतला नाही’ हे ठरवणार मालक, दंड लावणार मालक आणि वसूल करणारही मालकच. दाद मागायची तर लीगकडे, आणि लीग म्हणजे बारा क्लबांचे मालक. रुसीचे अपील तिथे फेटाळले गेले.

एवढे सोसून दुसऱ्या क्लबकडे का गेला नाही, हा प्रश्न आपल्या लेखात कुठेच विचारलेला नाही. सगळी मेख तिथे आहे.

29 सप्टेंबर 1879 रोजी बफेलो इथे नॅशनल लीगच्या मालकांनी आपापसात एक ठराव केला. प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू ‘राखीव’ म्हणून नोंदवायचे आणि त्या पाच जणांशी दुसऱ्या कोणी बोलणी करायची नाहीत. पाचाचे 11 झाले, 11 चे 14 झाले, आणि 1887 पासून ही अट खेळाडूच्या छापील करारातच आली. तिचे काम असे चाले. करार एका हंगामाचा. हंगाम संपला की क्लब राखीव खेळाडूंची यादी देई. यादीत नाव असले की त्या खेळाडूला बाकीच्या क्लबांचे दरवाजे बंद, आणि पुढच्या वर्षीचा करारही त्याच क्लबशी. त्या नव्या करारात हीच अट पुन्हा असे, म्हणून एक वर्षाचा करार कधी संपतच नसे. उलट बाजूने क्लबला खेळाडू नको असेल तर दहा दिवसांची नोटीस पुरे. खांदा गेला, दहा दिवसांत घरी. एका बाजूला जन्मभराचे बंधन, दुसऱ्या बाजूला दहा दिवसांचे.

याच विषमतेवर न्यायालयाने बोट ठेवले होते. जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा खेळाडूंच्या पहिल्या संघटनेचा पुढारी. ऑक्टोबर 1885 मध्ये त्याने ती स्थापन केली, आणि 1890 मध्ये या संघटनेने प्लेयर्स लीग नावाची स्वतःची लीगच उभी केली. जायंट्सच्या मालकांनी वॉर्डला तिथे खेळण्यापासून रोखण्यासाठी दावा लावला. जानेवारी 1890 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी मनाई हुकूम द्यायला नकार दिला. कारण दोन्ही पक्षांवर सारखे बंधन नाही आणि पुढच्या वर्षाच्या अटीच ठरलेल्या नाहीत. वॉर्ड स्वतः पिचर होता. 17 जून 1880 रोजी त्याने परफेक्ट गेम टाकला होता, म्हणजे समोरच्या संघाचा एकही माणूस पहिल्या बेसपर्यंत पोचू दिला नव्हता. हात दुखावल्यावर तो शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या, जागी खेळू लागला आणि मधल्या काळात कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली. 1893 आणि 1894 मध्ये तो जायंट्सचा मॅनेजर होता, म्हणजे रुसीचा वरिष्ठ. 1896 मध्ये रुसीचा वकील म्हणून उभा राहिला तो हाच. हा तपशील सुटला की सगळे प्रकरण एका चिडक्या पोराचे वाटते. प्रत्यक्षात समोर होता तो राखीव अटीचा कागद कोळून प्यालेला माणूस.

आता पिचरचा हिशेब बाकी खेळाडूंपेक्षा वेगळा का, त्याकडे वळतो.

रुसीचा जन्म 30 मे 1871 चा, इंडियाना राज्यातल्या मूर्सव्हिलचा. 1889 मध्ये इंडियानापोलिसकडून पहिला हंगाम, तेव्हा अठराही पूर्ण नव्हते. तो क्लब बंद पडल्यावर त्याचे खेळाडू न्यूयॉर्कला दिले गेले, त्यात हाही गेला. 1890 मध्ये एकोणीस वर्षांच्या या मुलाने 548 इनिंग टाकल्या, 56 सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने. 341 बॅटर स्ट्राइकआउट (चेंडू मारता न आल्याने बाद), आणि 289 वॉक (दिशा चुकलेल्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस). वॉकचा तो आकडा एका हंगामातला विक्रम म्हणून आजही तसाच आहे. चेंडू भयंकर वेगवान, दिशा मात्र हातात नाही. म्हणजे प्रत्येक इनिंगला आवश्यकतेपेक्षा किती तरी जास्त चेंडू टाकावे लागत असणार, आणि हे सगळे खांद्याच्या वर हात नेऊन फेकलेले. 1884 पासून नॅशनल लीगने तशी मोकळीक दिली होती. त्याआधीची पिढी कमरेजवळून, पुढे खांद्याच्या उंचीपर्यंत हात आणून फेकत असे, आणि ती 500 इनिंग टाकायची म्हणून ही पिढीही तेवढेच टाकू शकेल, असे मालकांनी धरून चालले. क्लबकडे दोन-तीन पिचर असत. चौथा ठेवायचा म्हणजे आणखी एक पगार.

त्यात 1893 ला अंतर बदलले. 50 फुटांवरून 60 फूट 6 इंच, असे सगळीकडे छापले जाते, आणि वाचणाऱ्याला पिचर साडेदहा फूट मागे गेला असे वाटते. ते तसे नाही. जुने 50 फूट मोजले जात ते पिचरच्या चौकटीच्या पुढच्या रेषेपर्यंत. चौकट साडेपाच फूट खोल होती आणि 1887 पासून मागचा पाय मागच्या रेषेवर ठेवून सुरुवात करावी लागे. म्हणजे पाय मुळात साडेपंचावन्न फुटांवर होता. 1893 मध्ये चौकट गेली, तिच्या जागी रबराची पट्टी आली आणि पाय त्या पट्टीला टेकवून फेकायचे ठरले. खरे अंतर वाढले पाच फूट. पण पाच फूटही कमी नव्हते. चौकटीतली ती एक-दोन पावलांची धाव गेली, चेंडूला वेग द्यायचे काम पायांकडून खांद्याकडे सरकले, आणि बॅटरला चेंडू बघायला जास्त वेळ मिळाला. लीगची बॅटिंग सरासरी, म्हणजे बॅटर फटका मारून बेस गाठण्याचे प्रमाण, 1892 मध्ये .245 होती, 1893 मध्ये .280, 1894 मध्ये .309. रुसीचे स्ट्राइकआउट 1891 मधल्या 337 वरून 1893 मध्ये 208 वर आले. तरी लीगमध्ये तोच पहिला. इनिंग 482, पूर्ण टाकलेले सामने 50. त्याच्या वेगामुळेच अंतर वाढवले गेले, असे म्हटले जाते. त्यात बरेच तथ्य असावे, पण मालकांना धावा हव्या होत्या, कारण धावा झाल्या की तिकिटे खपत.

या सगळ्याची बेरीज करून बघा. संपूर्ण कारकीर्दीत रुसीने सुमारे 3,778 इनिंग टाकल्या. त्यांपैकी 3,130 च्या आसपास 1895 संपेपर्यंत टाकून झाल्या होत्या. वय 24. दर सहा इनिंगमधल्या पाच त्याने देऊन टाकल्या होत्या. शिकागोचा पहिल्या बेसवरचा कॅप ॲन्सन 1897 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी खेळत होता, कारण बॅटरचे शरीर तेवढे टिकते. पिचरकडे विकायला एकच गोष्ट, आणि ती संपणारी. बॅटरला एका वर्षाचा पगार कमी मिळाला तर पुढच्या दहा वर्षांत भरून काढता येतो. पिचरच्या बाबतीत स्वस्तात गेलेले वर्ष कायमचे गेले. रुसी 1896 मध्ये मागे का हटला नाही, त्याचे उत्तर या बेरजेत आहे असे माझे मत आहे.

पगार मुळात वाईट होता का? नाही, आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यातल्या कामगाराला वर्षाकाठी चार-पाचशे डॉलर मिळत. 2,400 म्हणजे त्याच्या पाचपट तरी. पहिला उघड व्यावसायिक संघ म्हणजे 1869 चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. त्याचा पिचर एसा ब्रेनार्ड याला मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच्या आठ महिन्यांचे 1,100 डॉलर होते. शॉर्टस्टॉप जॉर्ज राइटला 1,400. पिचर तेव्हा संघातला सर्वात महागडा माणूसही नव्हता. 45 फुटांवरून, हात खाली ठेवून चेंडू सोडायचा, एवढेच त्याचे काम मानले जाई. पुढे कामाचा बोजा कित्येक पटींनी वाढला, पगार दुपटीच्या थोडा वर गेला.

आपल्या मालिकेत जुन्या पगारांचे आकडे पुढेही येतील, म्हणून ते वाचताना कुठे फसगत होते ते सांगतो. करारातला आकडा आणि हातात पडलेला आकडा एकच नसतो. 1877 पासून लीगने खेळाडूंकडून गणवेशाचे 30 डॉलर आणि बाहेरगावच्या दौऱ्यात दिवसाला 50 सेंट कापायला सुरुवात केली होती. उलटही होई. 1885 मध्ये 2,000 डॉलरची कमाल मर्यादा ठरली, पण 1887 ला बोस्टनने किंग केली या खेळाडूला 2,000 पगार आणि वर त्याचे छायाचित्र वापरण्याचे म्हणून 3,000 दिले. मर्यादा कागदावर शाबूत आणि केलीच्या खिशात 5,000. शिवाय विक्रीची किंमत खेळाडूची कमाई म्हणून मोजली जाते, ही चूक तर फारच सर्रास होते. जॉन क्लार्कसन हा पिचर 1888 मध्ये शिकागोने बोस्टनला 10,000 डॉलरला विकला. ते 10,000 शिकागो क्लबच्या तिजोरीत गेले. क्लार्कसनने त्यानंतरच्या वर्षी 620 इनिंग टाकून 49 सामने जिंकले.

क्लार्कसनला विकणाऱ्या शिकागो क्लबचा अध्यक्ष होता अल स्पॉल्डिंग, आणि तो स्वतः 1870 च्या दशकातला सर्वोत्तम पिचर. पिचिंगमधून श्रीमंत झालेला माणूस म्हणून त्याचे उदाहरण नेहमी दिले जाते, तेव्हा एवढे लक्षात ठेवावे की 1876 मध्ये 47 सामने जिंकल्यावर सत्ताविसाव्या वर्षी त्याने नेहमीचे पिचिंग सोडले. त्याच वर्षी भावासोबत खेळाच्या सामानाचे दुकान काढले होते, आणि लीगचा अधिकृत चेंडू त्याचा झाला. पैसा चेंडू फेकून आला नाही, विकून आला.

परत रुसीकडे. 1896 चा हंगाम सुरू झाला आणि तो आलाच नाही. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी त्याची बाजू घेतली, फ्रीडमनने माघार घेतली नाही, जायंट्स सातवा आला. वॉर्डने दावा लावला तो 5,000 डॉलर नुकसानभरपाईचा, पण खरा धोका रकमेचा नव्हता. दावा चालला असता तर राखीव अट न्यायालयाच्या टेबलावर आली असती, आणि 1890 चा अनुभव मालकांच्या बाजूचा नव्हता. मग बाकीच्या क्लबांच्या मालकांनी फ्रीडमनला बाजूला ठेवून वर्गणी काढली आणि 5,000 डॉलर देऊन प्रकरण मिटवले. ज्यांचे रुसीशी काही भांडण नव्हते त्यांनी पदरचे पैसे घातले, यावरूनच समजावे की वाचवायचे काय होते. मला या प्रकरणातले हेच सर्वात बोलके वाटते, आणि आपल्या लेखात नेमके हेच नाही.

1897 ला रुसी परतला, 28 सामने जिंकला, सामन्यामागे कमीत कमी धावा देण्याच्या सरासरीत लीगमध्ये पहिला आला आणि जायंट्स सातव्यावरून तिसऱ्यावर गेला. 1898 मध्ये शिकागोविरुद्ध पहिल्या बेसवरच्या धावपटूला पकडण्यासाठी पाय न हलवता चेंडू फेकताना त्याचा खांदा गेला, असे सांगितले जाते. हे पटण्यासारखे आहे. बॅटरकडे फेकताना पाय, कंबर आणि पाठ वेग तयार करतात आणि हात सोडल्यावर तेच अवयव तो वेग जिरवतात. पाय जागेवर ठेवून झटक्यात फेकले की दोन्ही कामे एकट्या खांद्यावर येतात, आणि इथे तो खांदा 3,700 इनिंग झिजलेला होता. उपचार म्हणजे शेक, चोळणे आणि विश्रांती. 1899 आणि 1900 हे दोन्ही हंगाम तो खेळलाच नाही. डिसेंबर 1900 मध्ये त्याला सिनसिनाटीला देऊन जायंट्सने क्रिस्टी मॅथ्यूसन हा तरुण पिचर घेतला. 1901 मध्ये तीन सामने, 22 इनिंग, आणि तिसाव्या वर्षी कारकीर्द संपली.

त्याच 1901 मध्ये साय यंग या दुसऱ्या पिचरने काय मिळवले ते शेजारी ठेवून पाहा. यंग रुसीपेक्षा चार वर्षांनी मोठा, वय 34. अमेरिकन लीग नव्याने उभी राहिली होती आणि तिला खेळाडू हवे होते. नॅशनल लीगची मर्यादा तेव्हाही 2,400 ची, आणि बोस्टनच्या नव्या क्लबने यंगला 3,500 दिले. त्याचा हात एका वर्षात दीडपट चांगला झाला नव्हता. विकत घेणारा दुसरा कोणी तरी बाजारात आला होता, एवढाच फरक. 1892 ते 1900 या काळात देशात एकच मोठी लीग होती, आणि रुसीची उमेदीची बहुतेक वर्षे नेमकी त्या नऊ वर्षांत बसली.

खेळ सुटल्यावर रुसीने इंडियानात कागद कारखान्यात काम केले. पुढे तो सिएटलला गेला आणि तिथे वाफेच्या पाइपांचे काम करू लागला. 1921 मध्ये जायंट्सचा तेव्हाचा मॅनेजर जॉन मॅकग्रॉ याने त्याला पोलो ग्राउंड्सवर देखरेखीची नोकरी दिली, म्हणजे ज्या क्लबसाठी खांदा झिजवला त्याच क्लबच्या मैदानावर. काही वर्षांनी पुन्हा वॉशिंग्टन राज्यात परतून त्याने कोंबड्या पाळल्या. 6 डिसेंबर 1942 रोजी सिएटलमध्ये तो वारला. बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागले 1977 मध्ये.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, ‘200 डॉलरसाठी हंगाम सोडला’ या वाक्याच्या जागी राखीव अट, अपील फेटाळणे आणि 5,000 ची तडजोड यांचा उल्लेख असलेला खुलासा छापावा. तीन ओळी पुरतील. दुसरी, मालिकेचा पुढचा भाग 1970 च्या दशकावर असेल तर त्याची सुरुवात 23 डिसेंबर 1975 च्या लवाद पीटर सीट्झ यांच्या निवाड्यापासून करू नये. राखीव अट एक वर्षापुरतीच, असे त्या दिवशी ठरले. मधल्या काळात 1922 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नाही असे म्हणून स्पर्धाविरोधी कायद्याची वाट बंद केली होती, तेही सांगावे लागेल. आणि ज्या दोन खेळाडूंनी नव्या करारावर सही न करता तो निवाडा मिळवला, ते अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली, दोघेही पिचर होते, हेही जरूर नोंदवावे.

आपला,
एक नियमित वाचक